ईमॅक्समधून बाहेर न पडता गिट: मॅजिट नीट वापरायचं कसं

गिट (फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) वापरणारे बरेच जण एका खिडकीत कोड लिहितात, शेजारी टर्मिनल उघडं ठेवतात आणि दिवसभर तेच चक्र चालू असतं, ॲड डॉट (सगळे बदल निवडा), कमिट (त्यांची नोंद करा), पुश (सर्व्हरवर पाठवा). काम होतं, नाही असं नाही. पण 'ॲड डॉट' मारलं की जे काही हात लागलंय ते सगळं आत जातं, डीबग करायला टाकलेले प्रिंट, चुकून बदललेली स्पेसिंग, अर्धवट सोडलेलं फंक्शन, आणि कमिट व्हायच्या आधी ते कोणीच वाचलेलं नसतं, लिहिणाऱ्यानेसुद्धा नाही. एडिटरच्या आत गिट असण्याचा खरा फायदा इथे आहे. टायपिंग वाचतं वगैरे ठीक आहे, पण आपला बदल आपल्याच डोळ्यासमोर येतो, त्यातलं काय घ्यायचं काय ठेवायचं ते ओळीओळीने ठरवता येतं आणि ते इतकं सोपं असतं की माणूस खरंच करतो.

मी ईमॅक्स हा एडिटर वापरते म्हणून त्यातल्या मॅजिट या गिटच्या पॅकेजबद्दल लिहितेय. (विमवाल्यांकडे टिम पोपचं फ्युजिटिव्ह आहे, व्हीएस कोडमधे सोर्स कंट्रोलमधून उघडलेल्या डिफमधे निवडलेल्या ओळी स्टेज करता येतात, म्हणजे पुढच्या कमिटसाठी वेगळ्या काढता येतात, तत्त्व सगळीकडे तेच.) गिट लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलं, मॅजिट मारियस व्होल्मरने २००८ मधे सुरू केलं आणि गेली बरीच वर्षं योनास बर्नौली ते सांभाळतोय. मॅजिट आतून नेहमीचं गिटच चालवतं, वेगळं काही नाही, म्हणजे तुमच्या रेपोला (गिटने सांभाळलेल्या प्रोजेक्टच्या फोल्डरला) काही फरक पडत नाही आणि टीममधे बाकीचे काय वापरतात याच्याशी याचा काही संबंध नाही.

इन्स्टॉल करायचं म्हणजे ऑल्ट-एक्स दाबून पॅकेज-इन्स्टॉल, एंटर, मॅजिट, एंटर. ईमॅक्स २८ किंवा पुढचं असेल तर नॉन-ग्नू एल्पा हे पॅकेजांचं भांडार आधीच चालू असतं त्यामुळे वेगळं काही जोडावं लागत नाही, एकदम ताजं हवं असेल तर मेल्पा हे दुसरं भांडार जोडून घ्या. विंडोजवर मॅजिट लिनक्स-मॅकपेक्षा हळू वाटेल, कारण ते प्रत्येक गोष्टीसाठी गिटची छोटी छोटी प्रोसेस चालवतं आणि विंडोजवर नवीन प्रोसेस सुरू व्हायलाच वेळ लागतो.

आता रेपोमधली कुठलीही फाइल उघडा आणि कंट्रोल-एक्स, मग जी. स्टेटस बफर (ईमॅक्समधलं एक पान) उघडेल. खालच्या सगळ्या कीज मी उच्चाराप्रमाणे लिहितेय, जिथे कॅपिटल हवंय तिथे शिफ्ट असं स्पष्ट लिहिलंय, तेवढं बघा कारण मॅजिटमधे छोटा पी आणि शिफ्ट-पी ही दोन पूर्ण वेगळी कामं आहेत.

या बफरमधे वरती तुम्ही कुठल्या ब्रँचवर (कामाच्या शाखेवर) आहात ते, खाली नवीन म्हणजे अनट्रॅक्ड फाइली, मग अनस्टेज्ड बदल, मग स्टेज्ड, आणि शेवटी स्टॅश (बाजूला ठेवलेले बदल) आणि अलीकडचे कमिट. एन आणि पी ने खाली-वर जा. फाइलच्या नावावर टॅब मारला की तिथेच खाली तिचा डिफ (जुन्या-नव्या ओळींतला फरक) उघडतो, परत टॅब मारला की मिटतो. एंटर मारलं की थेट फाइलमधे त्याच जागी पोचता. सगळं याच एका पानावर चालतं, म्हणून पहिले काही दिवस बाकी काही शिकू नका, फक्त हे पान उघडा, टॅब मारा आणि आपण काय बदललंय ते वाचा.

एक उदाहरण घेऊ. बिलिंगच्या एका पायथन फाइलमधे जीएसटीचं राउंडिंग चुकत होतं ते तुम्ही दुरुस्त केलं. शोधताना मधे दोन प्रिंट टाकलेत. आणि जाता जाता वरच्या एका कमेंटमधलं स्पेलिंगही नीट केलं. टॅब मारल्यावर डिफमधे दोन तुकडे दिसतील, यांना हंक म्हणतात, एक वरचा कमेंटचा आणि एक खालचा ज्यात राउंडिंग आणि प्रिंट एकत्र मिसळलेत. कमेंटच्या हंकवर कर्सर नेऊन एस दाबा, तेवढाच हंक स्टेज झाला, तो खाली स्टेज्डमधे गेलेला दिसेल. त्याचा कमिट करून टाका (कसा ते पुढे). मग दुसरा हंक. इथे पूर्ण हंक नकोय, त्यातल्या राउंडिंगच्याच ओळी हव्यात, जुनी वजा चिन्हाची आणि नवी अधिक चिन्हाची. नेहमी मजकूर सिलेक्ट करतो तसं कंट्रोल-स्पेस दाबून तेवढ्याच ओळी सिलेक्ट करा आणि एस. तेवढंच स्टेज होतं, प्रिंट वरती अनस्टेज्डमधे राहतात. हेच टर्मिनलवर ॲड पी करून करायला गेलं की ते एकेक हंक दाखवून हो-नाही विचारत बसतं आणि हंकमधल्या लागून असलेल्या ओळी वेगळ्या करायच्या असतील तर पॅचची फाइल हाताने एडिट करावी लागते, म्हणून ते कोणी करत नाही.

उरलेले दोन प्रिंट नकोच असतील तर त्या ओळी सिलेक्ट करून के दाबा, मॅजिट खात्री करून घेतं, वाय म्हटलं की फाइलमधून त्या ओळी जातात. के म्हणजे बदल फेकून देणं, स्टेजमधून काढणं नव्हे, त्यासाठी यू आहे. या दोघांत गोंधळ करू नका, यू ने काही नुकसान होत नाही, के ने लिहिलेलं जातं. म्हणूनच मी सगळ्यांना सांगते की मॅजिट-विप-मोड चालू करून ठेवा, मग मॅजिट तुमचा कमिट न केलेला पण सेव्ह केलेला मजकूर बाजूला वेगळ्या रेफमधे (गिटमधल्या नाव दिलेल्या खुणेत) जपून ठेवत जातं आणि चुकून काही उडालं तर ऑल्ट-एक्स मॅजिट-विप-लॉग मधून परत काढता येतं. हा मोड आपणहून चालू नसतो.

कमिटसाठी सी दाबा, खाली मेनू येईल, परत सी. मेसेज लिहायचा बफर आणि शेजारी स्टेज्ड डिफ असं दोन्ही एकदम दिसतं, आणि मला विचाराल तर मॅजिटमधली सगळ्यात चांगली गोष्ट हीच आहे, कारण मेसेज लिहिताना काय बदललंय ते समोर असल्यामुळे 'फिक्स' किंवा 'चेंजेस' असं लिहायची इच्छाच होत नाही. काय बदललं ते डिफ सांगतोच, का बदललं ते मेसेजमधे लिहा. पहिली ओळ छोटी, मग एक रिकामी ओळ, मग हवं तेवढं. ऑल्ट-पी ने आधी लिहिलेले मेसेज परत येतात. झालं की कंट्रोल-सी दोनदा, रद्द करायचं असेल तर कंट्रोल-सी, कंट्रोल-के.

कमिट केल्यावर लक्षात आलं की एक ओळ राहिली, तर ती स्टेज करा आणि सी, मग ई, शेवटच्या कमिटमधेच ती जाऊन बसते, मेसेज तोच राहतो. मेसेज बदलायचा असेल तर सी, डब्ल्यू. आणि राहिलेली ओळ चार कमिट मागच्या कमिटची असेल तर सी, मग शिफ्ट-एफ, कुठला कमिट ते लॉगमधून निवडा, मॅजिट स्वतः रिबेस करून (म्हणजे नंतरचे कमिट नव्याने रचून) ती योग्य जागी घालतं. हे फक्त पुश न केलेल्या कमिटवर करा. दुसऱ्याने खाली ओढून घेतलेली हिस्ट्री बदलली की त्याचा अख्खा दिवस जातो.

पुश म्हणजे शिफ्ट-पी, मग पी. पुल (सर्व्हरवरचे बदल आणून मिसळणं) म्हणजे शिफ्ट-एफ, मग पी. नुसतं फेच (न मिसळता आणणं) हवं तर छोटा एफ, मग पी. अपस्ट्रीम (तुमची ब्रँच जिच्याशी जोडलेली आहे ती मूळ ब्रँच) वेगळं असेल तर पी च्या जागी यू. हे सगळं पाठ करायची गरज नाही, कुठल्याही वेळी प्रश्नचिन्ह दाबा, सगळा मेनू येतो, आणि प्रत्येक मेनूमधे वरती त्या कमांडचे पर्यायही असतात जे एकदोन कीज दाबून चालू-बंद होतात.

डॉलरचं चिन्ह दाबून बघा कधीतरी. मॅजिटने आत्तापर्यंत नेमकी कुठली गिट कमांड चालवली आणि गिटने काय उत्तर दिलं ते सगळं त्या बफरमधे असतं. पुश फेल झालं तर खरं कारण तिथेच वाचायला मिळतं. काही जण म्हणतात मॅजिटमुळे गिट शिकायचं राहून जातं, मला उलटा अनुभव आहे, हा बफर वाचून वाचून रिबेसचे कितीतरी पर्याय कळले जे मॅन्युअलमधे वाचून डोक्यात बसले नव्हते.

ब्रँचसाठी बी. बी, बी ने दुसऱ्या ब्रँचवर जा, बी, सी ने नवीन बनवून तिच्यावर जा. पण यातलं सोनं म्हणजे बी, एस. समजा तुम्ही मेन या मुख्य ब्रँचवरच काम करत बसलात, तीन कमिट झाले आणि मग आठवलं की हे वेगळ्या ब्रँचवर हवं होतं. बी, एस दाबा, नाव द्या. नवीन ब्रँच तयार होते, ते तीन कमिट तिच्यावर राहतात आणि मेन परत आपल्या अपस्ट्रीमच्या जागी मागे जाते. कमिट न केलेले बदलही सोबत येतात. याला स्पिन-ऑफ म्हणतात. मधेच दुसरं काम आलं तर झेड, झेड ने सगळं स्टॅश, परत आल्यावर झेड, पी. नवीन अनट्रॅक्ड फाइली मात्र आपोआप स्टॅशमधे जात नाहीत, त्यासाठी मेनूमधला पर्याय चालू करावा लागतो.

मर्ज कॉन्फ्लिक्टला (दोन ब्रँच एकत्र करताना त्याच ओळींचे वेगवेगळे बदल भिडतात त्याला) घाबरणारे खूप असतात, आणि टर्मिनलवाल्यांना ते साहजिकच आहे. इथे कॉन्फ्लिक्ट आलेली फाइल स्टेटसमधे अनमर्ज्ड म्हणून दिसते, एंटर मारून उघडा. ईमॅक्सचा एसमर्ज-मोड आपोआप चालू झालेला असतो, वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या रंगात. कंट्रोल-सी, मग शिफ्ट-६ ची खूण, मग एन ने पुढच्या कॉन्फ्लिक्टवर, एन च्या जागी यू ने वरचा भाग ठेवा, एल ने खालचा, ए ने दोन्ही. दोन्हीतलं थोडं थोडं हवं असेल तर हातानेच एडिट करा, ती साधी फाइलच आहे. मग स्टेटसमधे येऊन त्या फाइलवर एस आणि नेहमीसारखा कमिट. रिबेस चालू असेल तर कमिटच्या जागी आर, आर म्हणजे पुढे चालू, आणि डोकं चालेना झालं तर आर, ए, जिथे होतात तिथे परत. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, मर्जमधे वरचा भाग तुमच्या ब्रँचचा असतो, रिबेसमधे वरचा भाग ज्या ब्रँचवर तुम्ही रिबेस करताय तिचा असतो आणि तुमचा खाली येतो. सवयीने यू यू यू दाबत गेलं की स्वतःचंच काम उडतं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. लेख, भाषांतरं, नोट्स असं सगळं गिटमधे ठेवणारे लोक आता भेटतात आणि फार चांगलं आहे ते, पण दोन-तीन गोष्टी आधी करून घ्या. फाइलचं नाव देवनागरीत असेल तर टर्मिनलवर गिट स्टेटस मारल्यावर नावाच्या जागी उलट्या तिरक्या रेघा आणि आकडेच आकडे दिसतात, फाइल बिघडलेली नसते, गिटच्या कॉन्फिगमधे कोअर डॉट कोटपाथ हे फॉल्स करा, नावं सरळ दिसतील. दुसरं, गिट ओळीचा फरक बघतं, आणि आपण पूर्ण परिच्छेद एका ओळीत लिहितो, त्यामुळे एक वेलांटी बदलली तरी अख्खा परिच्छेद लाल आणि अख्खा परिच्छेद हिरवा. मॅजिट-डिफ-रिफाइन-हंक हे व्हेरिएबल सगळ्या हंकसाठी चालू केलं की ओळीच्या आत नेमका कुठला शब्द बदलला तो गडद दिसतो. तरी त्याहून चांगली सवय म्हणजे प्रत्येक वाक्य नवीन ओळीवर लिहिणं, मार्कडाउन आणि ऑर्ग या साध्या मजकुराच्या दोन्ही फॉरमॅटमधे शेवटी परिच्छेद एकसंधच दिसतो, आणि मग एकेक वाक्य वेगळं स्टेज करता येतं.

शेवटचं, जुना कोड समजून घेणं. एखादी ओळ बघून कळत नाही की ही अशी का आहे, तेव्हा त्या फाइलमधेच कंट्रोल-सी, ऑल्ट-जी, मग बी. प्रत्येक तुकड्याच्या वर कोणी, कधी, कुठल्या कमिटमधे हे लिहिलं ते येतं. एंटर मारा, तो पूर्ण कमिट उघडतो, मेसेज आणि सोबत बदललेल्या बाकीच्या फाइलींसकट. बऱ्याचदा तो कमिट नुसता फॉरमॅटिंगचा निघतो, मग हताश होऊ नका, त्याच ओळीवर परत बी दाबा, त्या कमिटच्या आधी ती ओळ कुठून आली होती ते दिसतं, असं मागे मागे जात खऱ्या बदलापर्यंत पोचता येतं. क्यू ने एकेक पायरी परत. आणि फक्त त्या फाइलचा इतिहास हवा असेल तर शेवटच्या बी च्या जागी एल.