आधारची झेरॉक्स दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी

कोल्हापुरात बिंदू चौकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी मागच्या महिन्यात भाडेकराराच्या प्रती काढायला गेलो होतो. माझी फाईल शोधण्यासाठी दुकानदाराने संगणकातला डाउनलोडचा फोल्डर उघडला, तेव्हा पडद्यावर लोकांच्या आधारच्या पीडीएफची रांगच लागली, आणि तिच्यात मी गेल्या वर्षी व्हॉट्सॲपवर पाठवलेली माझी फाईलही होती. दुकानदाराच्या मनात पाप नव्हते. ती पुसावी हे त्याला सुचले नव्हते आणि पुसायला सांगावे हे मला.

नुसत्या १२ अंकी क्रमांकावरून कोणी आपले खाते रिकामे करू शकत नाही. त्याच कागदावर छायाचित्र, जन्मतारीख आणि पत्ता असतो, खाली आपण सही करतो, आणि कोपऱ्यात मोबाईल नंबरही लिहून देतो. इतके सगळे एकत्र मिळाले की आपल्या नावाने सिमकार्ड घेण्याचा किंवा कर्ज उचलण्याचा प्रयत्न करणाऱ्याचे काम सोपे होते. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष यांचा बनलेला असल्यामुळे, ज्याला या दोन गोष्टी ठाऊक आहेत त्याच्यापुढे त्या कुलपाचा फारसा उपयोग नाही.

म्हणून सर्वप्रथम आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) ‘माय आधार’ संकेतस्थळावर ओटीपीने प्रवेश करून मास्क्ड आधार उतरवून घ्यावे. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. ओळख पटवण्यापुरते ते पुरेसे आहे. अनुदान किंवा पॅनची जोडणी अशा, कायद्याने पूर्ण क्रमांक लागणाऱ्या कामांसाठी मात्र तो द्यावाच लागतो. तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही. जिथे क्रमांक टाकून पडताळणी करायची असते, तिथे त्याऐवजी १६ अंकी व्हर्च्युअल आयडी चालत असेल तर तो वापरावा, कारण तो हवा तेव्हा बदलता येतो आणि त्यावरून मूळ क्रमांक काढता येत नाही.

खरा प्रश्न लॉज, वसतिगृहे आणि घरमालक यांचा आहे. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांकडून महाद्वार रोडच्या परिसरात खोली देताना ओळखपत्र मागितले जाते. ते रीतसरच आहे, परंतु ओळखपत्र म्हणजे आधारच असे नाही, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना पुढे करून पाहावा. आधार कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम ८अ नुसार, ऑफलाइन पडताळणी, म्हणजे प्राधिकरणाच्या यंत्रणेशी न जोडता ओळख तपासणी, करणाऱ्याला आधार क्रमांक गोळा करता किंवा साठवून ठेवता येत नाही, हे काउंटरवरच्या माणसाला शांतपणे सांगावे. २७ मे २०२२ रोजी प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने झेरॉक्स कोणालाही देऊ नका असे पत्रक काढले आणि गैरसमज होईल म्हणून दोनच दिवसांत ते मागे घेण्यात आले; माझ्या मते त्यातली मास्क्ड प्रत देण्याची सूचना शहाणपणाचीच होती.

कागदी प्रत देणे टळत नसेल तर तिच्यावर पेनाने तिरकी रेघ मारून ‘फक्त खोली भाड्याने घेण्यासाठी’ असे लिहावे आणि तारीख घालावी. मजकूर छायाचित्राच्या कडेवरून जाऊ द्यावा, म्हणजे तेवढा भाग कापून दुसरीकडे वापरणे अवघड होते. बिघडलेली प्रत दुकानातल्या टोपलीत न टाकता घरी आणून फाडावी. फाईल पाठवली असेल, तर ती फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधूनही आपल्यासमोर पुसून घ्यावी, मागे कितीही गिऱ्हाईक उभे असले तरी.

बोटांच्या ठशांचे कुलूप हा सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. आधारशी जोडलेल्या खात्यातून ठसा लावून पैसे काढता येतात, आणि नोंदणीच्या दस्तऐवजांवरून ठसे उचलून बनावट अंगठे तयार केल्याची प्रकरणे घडली आहेत. ‘माय आधार’वर बायोमेट्रिक लॉक केले की तो मार्ग बंद होतो. मात्र ते लॉक असताना रेशन दुकानातल्या मशीनवरही अंगठा उमटणार नाही, म्हणून धान्य आणायच्या दिवशी ते तात्पुरते उघडून मगच रांगेत उभे राहावे. ‘माय आधार’वरच मागील सहा महिन्यांत आपले आधार कुठे पडताळले गेले याची नोंद दिसते. तीत अनोळखी काही आढळल्यास प्राधिकरणाच्या १९४७ या मदत क्रमांकावर, आणि पैसे गेले असल्यास विलंब न लावता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० वर फोन करावा.