गाडीचा पिकअप गेला? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

इंदूरच्या सपाट, गर्दीच्या रस्त्यांवर गाडीची दुखणी लपून राहतात. पलासिया ते राजवाडा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायची वेळ येतेच कुठे? परीक्षा होते ओंकारेश्वरहून परतताना. निमाडातून माळव्याच्या पठारावर चढायचं, पाच माणसं, सामान, एसी चालू, आणि भेरूघाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्येही कण्हू लागते. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये ‘भिया, कचरा आ गया है’ असं निदान होतं. मग फिल्टर, प्लग, इंजेक्टर क्लिनिंग असं लांबलचक बिल हाती येतं आणि पिकअप बऱ्याचदा होता तिथेच राहतो.

पठारावरच्या विरळ हवेवर खापर फोडू नका. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद जेमतेम पाच टक्के घटते आणि ती तर गाडी घेतल्यापासूनच घटलेली असते.

दोष इंजिनाचाच, असं धरून चालणं

ताकद तयारच होत नाही, की तयार होऊन चाकापर्यंत पोचत नाही, हे आधी ठरवा. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०–५० किलोमीटरच्या वेगात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग मागेच राहिला, तर क्लच प्लेट घसरते आहे. इंजिनाला हात लावायचं कारण नाही. ब्रेक फारसे न दाबता थोडं अंतर चालवून उतरा आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या. रिमला स्पर्श करू नका, चटका बसेल. एकच चाक इतरांपेक्षा खूप तापलं असेल, तर तिथला ब्रेक चिकटतो आहे.

‘पिकअप नाही’ एवढंच सांगून गाडी सोडून येणं

निम्मं निदान ‘कधी?’ या प्रश्नात असतं. उभ्या गाडीतही इंजिन थरथरतं का? मग मिसिंग आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, किंवा कुठून तरी जादा हवा आत शिरते आहे. एरवी ठीक, पण चढावर किंवा जास्त वेगात दम तुटतो? मग गाडीतल्या इंधन पंपाचा दाब, चोंदलेला फिल्टर किंवा तुंबलेला सायलेन्सर यांच्याकडे बघा. गाडी तापल्यावरच त्रास होत असेल, तर प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलवर संशय घ्या.

सीएनजी किट असलेल्यांकडे एक फुकटची चाचणी असते. त्याच चढावर एकदा पेट्रोलवर आणि एकदा गॅसवर जा. गॅसवर थोडी मरगळ असणारच. पण पेट्रोलवर गाडी झकास आणि गॅसवर धक्के खात असेल, तर गॅसचा फिल्टर, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि प्लग तपासा. गॅस पेटवायला ठिणगी जोरदार लागते, त्यामुळे झिजलेले प्लग तिथे आधी उघडे पडतात. दोन्हीकडे सारखीच रड असेल, तर दोष हवा, ठिणगी, सायलेन्सर किंवा कॉम्प्रेशनमध्ये (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तो दाब) शोधायचा. इंधन पंपाचा खर्च तूर्त वाचला.

स्कॅनर लावून कोड पुसून टाकणं

ही चूक सर्रास होते. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड पुसला की चेक इंजिनचा दिवा विझतो, ग्राहक खूश होतो आणि दोष आत तसाच राहतो. वर, दोष आला त्या क्षणी आरपीएम किती होते, इंजिन किती तापलं होतं, ही नोंदही पुसली जाते. म्हणून पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा.

शिवाय कोड म्हणजे खराब पार्टचं नाव नव्हे. ‘पी०१७१’ आला की ऑक्सिजन सेन्सर बदलायची घाई होते. कोडचं म्हणणं एवढंच, की हवेच्या मानाने इंधन कमी पडतं आहे. बिचारा सेन्सर तेच खरं सांगत असतो. फाटका होज, मळलेला एअर फ्लो सेन्सर किंवा कमी झालेला इंधनाचा दाब आधी शोधा. ‘पी०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर पहिली आणि दुसरी अदलाबदल करा. कोड ‘पी०३०२’ झाला तर दोष कॉइलचा, नाही झाला तर प्लग आणि इंजेक्टरकडे वळा. वायरिंगही बघा. रात्री उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांचा उपद्रव असतो.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते. मग मिसिंग दुरुस्त होऊनही पिकअप येत नाही, कारण धूर बाहेर पडायची वाटच तुंबलेली असते. मिसिंग तसंच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला, तर तोही जाईल. ‘जाळी फोडून टाकू’ हा सल्ला ऐकूच नका.

फिल्टर धुणं आणि उलटी हवा मारणं

गव्हाच्या कापणीच्या दिवसांत माळव्यात धूळ आणि भुसा भरपूर उडतो, तेव्हा हवेचा फिल्टर ठरलेल्या किलोमीटरच्या आधीच बघावा. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नसतो. मळक्या बाजूने जोरात हवा मारली, तर धूळ कागदात आणखी रुतते. सरळ नवा घाला. आणि ‘फिल्टर काढून चालवून बघू’ हा प्रयोग धुळीच्या रस्त्यावर नकोच.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा टाळू नये. फक्त शहरात जवळजवळच्या फेऱ्या मारल्या की त्यात काजळी साचते आणि गाडी स्वतःच ताकद कमी करते. दिवा लागल्यावर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे देवास रस्त्यासारख्या मोकळ्या रस्त्यावर काही वेळ एकसारख्या वेगात चालवलं, की बहुतेकदा काम होतं.

कॉम्प्रेशन न मोजता इंजिन खोलणं

बाकी सगळं ठीक निघालं तरच इथवर या. पेट्रोल इंजिनात सहसा १५० ते २०० पीएसआयच्या आसपास रीडिंग मिळतं, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. एखादं रीडिंग फारच कमी असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगा. रीडिंग वाढलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, तसंच राहिलं तर व्हॉल्व्हकडे बघा. शेजारची दोन सिलिंडर एकदम कमी दिसली, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) संशय घ्या. ज्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन मोजायचा गेजच नाही, तिथे इंजिन खोलायला होकार देऊ नका.