ओंडके ओढण्यासाठी एटीव्हीचा विंच निवडताना

एटीव्हीसाठी (खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या छोट्या चारचाकीसाठी) मिळणारे विजेवर चालणारे विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओझे ओढणारी यंत्रे, बहुधा २,५०० ते ३,५०० पाउंडांचे, म्हणजे साधारण १,१३० ते १,५९० किलो ओढशक्तीचे असतात; परंतु हा आकडा ड्रमवर दोराचा शेवटचा एकच थर उरलेला असतानाचा असतो आणि थर वाढतील तशी प्रत्यक्ष ओढ कमी होत जाते, हे खरेदीपूर्वी अवश्य ध्यानात घ्यावे. ३० सेंटिमीटर व्यासाचा, ४ मीटर लांबीचा ओला ओंडका सुमारे अडीचशे किलो भरतो. सपाट जमिनीवर तो सहज सरकतो, मात्र त्याचे टोक चिखलात रुतले किंवा बुंध्याला अडले की लागणारा जोर कित्येक पटींनी वाढतो. म्हणून मोठा विंच घेण्याबरोबरच एक चांगली कप्पी घ्यावी, कारण फिरत्या कप्पीमुळे वेग निम्मा होतो, पण ओढ जवळपास दुप्पट मिळते.

दोर कृत्रिम धाग्याचा असावा, असे माझे ठाम मत आहे. तुटल्यास तो पोलादी तारेइतका जोराने उसळत नाही. खडकावर घासून मात्र तो लवकर झिजतो.

दिवसभर ओंडके ओढायचे असतील, तर विजेचा विंच योग्य नव्हे: त्याची मोटर तापते, बॅटरी उतरते. अशा कामाला पेट्रोलवर चालणारा, झाडाला बांधता येणारा कॅपस्टन विंच घ्यावा. त्यात दोर ड्रमभोवती काही वेढे घेऊन बाहेर पडतो; तो ड्रमवर साठत नसल्याने ओढ अखेरपर्यंत सारखी राहते.