नवेगाव बांधला ऊन पाठीशी ठेवा

नागपूरहून निवांत निघून गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधला पक्षी बघायला भर दुपारी पोचलं की तलाव दिसतो, पक्षी नाही. पाणी नुसतं चकाकतं अन् बदकं म्हणजे काळे ठिपके. आमचे दोन हिवाळे असेच गेले.

1. पहाटे चारला गाडी काढा, किंवा आदल्या रात्रीच मुक्कामाला जा.
2. सकाळी पूर्वेकडच्या काठावर बसा. सूर्य पाठीशी राहतो, मग पंखांचे रंगसुद्धा दिसतात. दुपारनंतर बाजू बदला.
3. एका जागी अर्धा तास गप बसा. हेच सगळ्यात अवघड, लेकरं सोबत असली तर विचारूच नका. पण बसलं की आत सरकलेले पक्षी हळूहळू काठाकडे येतात.
4. कपडे मातकट. लाल स्वेटर घरी.

डिसेंबर ते फेब्रुवारी पाहुणे पक्षी असतात, तेव्हाच जा. ताडोबासारखी गर्दी इथं नसते. राष्ट्रीय उद्यानात आत जायचं असेल तर गेट कधी बंद असतं ते आधी विचारून घ्या.

भाकर-ठेच्याची शिदोरी मात्र गाडीत काच लावून ठेवा. आमचा डबा वानरानं पिशवीसकट झाडावर नेला, अन् वरून झाकण तेवढं खाली टाकलं.