इथेनॉलचं पेट्रोल आणि जोरकस गाडी: कोकणात या चुका टाळा

चतुर्थीच्या आदल्या दिवशी गाडी चालूच होईना. जूनपासून रत्नागिरीच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, टाकीत जेमतेम पाव पेट्रोल. दोनदा फुरफुरली आणि बंद पडली. मेकॅनिकने टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवलं. थोड्या वेळात खाली गढूळ थर, वर पिवळसर पेट्रोल आणि मधोमध सरळ रेघ दिसली.

आताच्या पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी थोडं असेल तर ते पेट्रोलमध्ये मुरतं, पण मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासोबत तळाशी बसतं. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा टाकीतला पंपही नेमका तळातूनच ओढतो. वर राहिलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन (अवेळी न पेटण्याची क्षमता) उतरलेलं असतं, म्हणून त्यावर टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारी) गाडी नॉकिंग करते, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिन ठकठकतं. आमच्याकडे दोष निघाला टाकीच्या झाकणाच्या चिरलेल्या रबरात. पत्र्याची गळती बरोबर तिथेच पडत होती. रबर मे महिन्यातच बघा. गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी अर्धा तास फिरवून आणा. थर एकदा वेगळे झाले की वरून ताजं पेट्रोल ओतून भागवू नका. टाकी रिकामी करून घ्या.

दुसरी चूक मला जास्त भीतीदायक वाटते: जुन्या पेट्रोलवर केलेलं रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये केलेला बदल) तसंच ठेवून ई20 वर, म्हणजे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर, गाडी पिटाळणं. साध्या पेट्रोलला 1 किलोमागे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 आणि ई20 ला साधारण 13.5. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त हवं. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर ती तूट भरून काढतो. आंबा घाटात तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबता तेव्हा मात्र बहुतेक गाड्यांचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरलेल्या आकड्यांवर चालतो आणि मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, पडू शकतं. पिस्टन आणि व्हॉल्व्ह तिथेच भाजतात. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायचं यंत्र) फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने इंधनात स्वतःहून केलेली वाढ-घट, सतत +10 टक्क्यांच्या आसपास दिसत असेल, तर आधी मॅप तपासून घ्या. ट्यूनरशी (रीमॅप करणाऱ्याशी) बोलताना लॅम्डामध्ये, म्हणजे त्या इंधनाला नेमक्या लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे त्या आकड्यात, बोला, आकड्यांचा घोळ होत नाही. इथेनॉलचं ऑक्टेन चांगलं असतं, त्यामुळे नीट मॅप केलेल्या टर्बोला ई20 उलट मानवतं.

मायलेज थोडं घटलं म्हणून इंजेक्टर खोलू नका. इथेनॉलमध्ये ऊर्जाच सुमारे एक तृतीयांश कमी असते. ई20 मध्ये ही घट 6-7 टक्क्यांवर येते.

एप्रिल 2023 च्या आधीची, म्हणजे बहुधा ई20 धरून न बनवलेली गाडी असेल तर पेट्रोलच्या रबरी नळ्या, ओ-रिंग (सांध्यातल्या रबरी कड्या) बोटाने दाबून पाहा. फुगलेली, मऊ पडलेली किंवा चिरलेली नळी लगेच बदला आणि इथेनॉलला टिकणारी फ्लुरोरबरचीच मागा. टाकीत साचलेला जुना मळही इथेनॉल सोडवतं, म्हणून फिल्टर लवकर तपासा. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला, तर गळती सापडेपर्यंत स्टार्टरला हात लावू नका.