रोथेनबुर्गला जाताय? एक रात्र राहाच
जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातल्या रोथेनबुर्ग ओब डेअर टाउबरला बरेच जण दुपारी बसने येतात, प्लोनलाइन या छोट्या चौकातल्या पिवळ्या, तिरक्या घरासमोर फोटो काढतात आणि संध्याकाळी निघून जातात. तुम्ही मात्र तिथेच मुक्काम करा. गावाची खरी मजा गर्दी ओसरल्यावर.

रेल्वेने येणार असाल तर श्टाइनाखला गाडी बदलायची. स्टेशनवरून जुनं गाव चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, पण आत सगळी दगडी फरसबंदी. चाकांची बॅग खडखडत ओढण्यापेक्षा पाठीवरची सॅक बरी.

सकाळी नाश्त्याआधी गावाभोवतीच्या तटबंदीवर चढा, तिकीट नाही. वर छप्पर असलेली वाट आहे. काही ठिकाणी इतकी अरुंद, की समोरून कुणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागतं. भिंतीत जागोजागी नावं कोरलेले दगड दिसतील. मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात पडलेला तट पुन्हा बांधायला ज्यांनी पैसे दिले, त्यांची ही नावं. आपल्या देवळांतल्या देणगीदारांच्या फरश्या आठवतात!

श्नेबाल, म्हणजे पिठीसाखर भुरभुरलेला तळणीचा गोळा, दोघांत एकच घ्या. दिसायला झकास, खायला कोरडा.