प्राणी बचाव संस्थेचं नाव ठरवताना

विहिरीत वासरू पडलं की लोक आठवेल त्या नावाला फोन करतात. भारदस्त संस्कृत नाव मराठवाड्यातल्या खेड्यात कुणाच्या तोंडी बसत नाही.

१. तीन छोटी नावं काढा. प्रत्येक नाव गावातल्या एखाद्या आजोबांना फोनवर सांगा. त्यांना ते बिनचूक परत म्हणता आलं तरच ठेवा. ही कसोटी खरंच टाळू नका. ‘श्वान’ किंवा तालुक्याचं नाव नको, उद्या बैलही येतील, शेजारचे तालुकेही.

२. ते नाव आधीच कुणाचं आहे का, संस्थांची नोंदणी करणाऱ्या धर्मादाय कार्यालयात विचारा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्थेला किमान ७ सभासद लागतात.

३. संस्थेची घटना (लेखी नियम), पॅन, बँक, सगळीकडे स्पेलिंग एकच.

नोंदणीआधी देणग्या स्वतःच्या खात्यात घेऊ नका.